पानमळ्यातला पोरीचा वेल

मी माझ्या पोरीला आणायला निघाले तेव्हा ती यायला तयार होईल की नाही, अशी शंका मला आली नव्हती. आई न्यायला आली की मूल येतं, एवढंच मला ठाऊक. माझ्या ट्रंकेत तिच्यासाठी लालबागला घेतलेला छिटाचा नवा फ्रॉक होता आणि परळच्या नाक्यावरची खारी बिस्किटं.

पोर सहा वर्षांची. पाच महिने ती माझ्या धाकट्या बहिणीकडे होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत मोर्चे निघत होते, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, ते दिवस. आमची चाळ भोईवाड्यात, रस्त्याच्या कडेलाच. एका दुपारी अश्रुधुराचा धूर गॅलरीतून खोलीत शिरला. मी पोरीचं तोंड ओल्या पदरात धरलं, तरी तिचे डोळे दोन दिवस लाल होते. त्यानंतर ती खाटेखालून बाहेर येईना. जेवणाची ताटली खाटेखाली सरकवायची आणि रिकामी झाली की ओढून घ्यायची. बाहेर कुणी 'झालाच पाहिजे' ओरडलं की ती आत कान दाबून बसायची, आणि तिचा बाप तर रोज गिरणी सुटली की तेच ओरडायला जायचा.

बहिणीचा नवरा तेव्हा विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन मुंबईला आला होता. तो कर्फ्यूमुळे आमच्याच खोलीत अडकला. जाताना म्हणाला, "आक्का, हिला मी नेतो. चार दिवस मोकळ्या हवेत राहील." माझ्या नवऱ्याने माझ्याकडे न बघता हो म्हटलं. त्या चार दिवसांचे पाच महिने झाले. आता जूनमध्ये शाळेत नाव घालायचं होतं. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून मी एकटी निघाले.

मुंबईबाहेर एकटीने पाऊल टाकायची ती माझी पहिलीच खेप. मी जन्मले परळात, चौथीपर्यंत शिकले परळात, दिली तीही चार गल्ल्या सोडून. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. पुण्याला गाडी बदलायची होती. कुणाला विचारावं लागू नये म्हणून नवऱ्याने सगळं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी वाटभर मुठीत धरला आणि घामाने त्याची शाई हाताला लागली. मिरजेच्या अलीकडे उतरून एसटी धरली. शेजारच्या बाईने विचारलं, "कुनाच्यात जायचं?" मी हळूच सांगितलं.

"पानमळेवाल्यांच्यात? मग त्या मम्बईच्या पोरीची आई तुमी. लई गुनाची पोर. अगदी मावशीवर गेलीया."

मी खिडकीबाहेर बघत बसले. पोरीचं नाक माझं आहे, कपाळ माझं आहे. मावशीचं तिच्यात काय आहे ते मला त्या बाईला विचारायचं होतं, पण विचारलं नाही.

गाव म्हणजे बाजाराचं गाव. एसटी थांबते तिथे चिंचेचं झाड, तेलाची घाणी, बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारा, शेंगांची पोती रचलेली एक वखार. त्यापुढे घरं आणि घरांच्या मागे लगेच शेतं. बहिणीचं घर शेवटचं होतं. अंगणात चिखलाचा एक छोटा पाट वाहत होता आणि त्यात माझी पोर अनवाणी उभी राहून हाताने पाणी वळवत होती. केसांना तेल, दोन घट्ट वेण्या, गालांवर रंग. मी पाहातच राहिले. तिने मान वर केली, मला पाहिलं, हसली आणि वळून घरात पळाली.

"मावशी, आई आली गं, बघ की!"

सांगायला का होईना, ती आधी तिकडे पळाली. मी ट्रंक हातात धरून पाटाच्या अलीकडेच उभी राहिले.

बहीण धावत बाहेर आली. माझ्या गळ्यात पडली, रडली. तिची सासू ओसरीवरूनच म्हणाली, "या पावनीबाई. मम्बईत म्हनं पानी बी रांगेत उभं ऱ्हाऊन मिळतं. हितं विहीर हाय, पाय धुवा पोटभर."

त्या घरात मला कुणी काही कमी केलं नाही. तेच मला जड गेलं. पहाटे मोटेचा आवाज सुरू व्हायचा. विहिरीचं पाणी पाटाने अंगणातून मळ्यात जायचं. आमच्या चाळीत नळाला पाणी येतं ते पहाटे दोन तास, सगळ्या मजल्याला मिळून एक नळ. मी तिथे कधी भांडले नाही, म्हणून माझी कळशी नेहमी शेवटी भरते. बहीण मात्र अंगणातल्या पाटात भांडी घासायची आणि पाणी वाहून जातंय याकडे तिचं लक्षही नसायचं. तिच्याकडे स्वयंपाकघर वेगळं, झोपायची खोली वेगळी, धान्याची कणगी वेगळी. परसात शेवगा, कढीपत्ता, अळू. ती परसात जाऊन हाताला येईल ते खुडून आणायची आणि त्याचीच भाजी करायची. मी मनातल्या मनात एकेक गोष्ट बघत होते आणि ती माझ्याकडे नाही, हे स्वतःला सांगत होते.

हे स्थळ आधी मला आलं होतं, हेही लिहून ठेवते. ते लोक मला पाहायला आमच्या चाळीत आले होते. मी चहा दिला आणि मोरीत जाऊन रडत बसले. गावाला मी जाणार नाही, शेण काढणार नाही, मला मुंबईतच राहायचंय, एवढंच आईला सांगितलं. आयुष्यात मी हट्ट केला तो तेवढाच. वडील म्हणाले, मग धाकटीला दाखवू. ती काळी, चुणचुणीत, तिने लगेच मान हलवली. लग्नात सगळ्यांनी तिची कीव केली आणि माझं कौतुक. मुंबईत नळ, वीज, सिनेमा. माझा नवरा गिरणीत साच्यावर, पगारदार. मीही सात वर्षं तिची कीव करत होते. त्या अंगणात पाय धुताना माझी कीव संपली आणि दुसरंच काही पोटात सुरू झालं.

तिला मूल नव्हतं. हे एकच तिच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे होतं. आणि त्या पाच महिन्यांत तेही तिने घेतलं असं मला वाटायला लागलं.

पोर रात्री मावशीजवळ झोपायची. सकाळी मावशी तिची वेणी घालायची. मी नवा फ्रॉक काढला तर म्हणाली, "हा चिखलात खराब हुईल. मुंबईला गेल्यावर घालीन." मला बरं वाटलं, निदान मुंबई तोंडात आली. तेवढ्यात पुढे म्हणाली, "पण मुंबईला कधी जायचंय? वासरू मोठं झाल्यावर?"

खारी बिस्किटं तिने त्याच वासराला चारली.

एकदा मी गोठ्यात तिच्यामागे गेले. ती गाईला वैरण टाकत होती. मीही पेंढी उचलली, पण ती सुटून माझ्याच अंगावर सांडली. पोर खळखळून हसली. "मावशी, आईला वैरण टाकता येत न्हाई!" मावशी दारातून म्हणाली, "तिला कशी येईल बाळा? तिच्या चाळीत गाय जिना चढत नाही." दोघी हसल्या. मीही हसले. हसता हसता मला रडू येईल की काय असं झालं.

तिसऱ्या दिवशी जेवताना मेव्हण्यांनी विषय काढला. ते शांत माणूस, ताटाकडे बघत बोलायचे.

"आक्का, एक बोलू का? हिला हितंच ऱ्हाऊ द्या की. शाळा हितं बी हाय. तुमच्याकडं अजून गडबड चालूच हाय."

सासू लगेच म्हणाली, "आन् तुमाला काय, पुन्ना हुईल. तुमची कूस चालती हाय."

बहीण भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, पण तिने वर पाहिलं नाही. म्हणजे हे त्यांच्यात आधी बोलून झालं होतं. मी म्हणाले, "त्यांना विचारावं लागेल." नवऱ्याचं नाव पुढे करणं एवढंच मला जमतं. पोर माझ्या आणि मावशीच्या मध्ये बसली होती. ती हळूच सरकली. माझ्याकडे सरकली की तिकडे, ते मी पाहिलं, पण इथे लिहिणार नाही.

त्याच संध्याकाळी मला अडचण आली.

चाळीत आम्ही हे पाळत नाही. पाळायचं म्हटलं तरी कुठे पाळणार? दहा बाय बाराच्या खोलीत बाजूला बसायला बाजूच नसते. माझी सासू जिवंत होती तेव्हा तीही गप्प बसायची. मी कापड गॅलरीच्या दोरीवर परकराखाली वाळत घालते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण त्या घरी चार दिवस गोठ्याच्या पडवीत बसायचं, वेगळ्या पोत्यावर, वेगळ्या ताटलीत. कुणाला शिवायचं नाही. पोरीलाही नाही.

माझ्या हातात तिथले जेमतेम पाच दिवस उरले होते. त्यातले चार पडवीत बसून काढले असते, तर पोरीला आंघोळ मावशीनेच घातली असती, घास मावशीनेच भरवला असता आणि मी लांबून बघत राहिले असते. आणि ती माझ्याबरोबर येणार की नाही हे त्याच दिवसांत ठरणार होतं. मी कुणाला काही सांगितलं नाही. भिडस्त बाईला न सांगणं सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर म्हणाली, "आई, चल, माझा वेल दाखवते."

पानमळा घराच्या पलीकडेच. चहूबाजूंनी कडब्याचा आडोसा केलेला, आत जायला एक लहानसं दार. दाराशी पोर थांबली.

"चप्पल काढ. आत देव असतोय."

मी काढली.

"आन् कावळा शिवल्यावर आत जायचं नसतंय. मग पानं वाळत्यात. मावशी पण येत न्हाई तवा. तुला शिवलाय का?"

सहा वर्षांची पोर, मुंबईत तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने अगदी चौकीदारासारखं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

आत पाऊल टाकलं आणि एकदम गार वाटलं. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत हिरवी सावली. शेवरीच्या आणि पांगाऱ्याच्या खोडांवर वेल चढवलेले, जागोजागी गवताच्या पातीने हळुवार बांधलेले. जमीन ओली, पायाला मऊ. दोन बाया पानं खुडत होत्या, अंगठ्याला लोखंडी नख बांधून, आणि त्याही हळू आवाजात बोलत होत्या. इतकी स्वच्छ जागा मी देवळातही पाहिली नव्हती. पोर मला हाताला धरून नेत होती. पाच महिन्यांत तिने पहिल्यांदाच माझा हात धरला होता आणि तो मी खोटं बोलून मिळवला होता.

कोपऱ्यात एक कोवळा वेल होता, तिच्या छातीपर्यंत आलेला.

"हा माझा. मी आले तवा काकांनी लावला. मी बांधते ह्याला. खूप वर गेला की खाली उतरवून बुडाशी पुरायचा, मग परत वर येतो. ते पुढच्या वर्षी. तवा मी मोठी असणार." मग म्हणाली, "हात लाव की. असा, खालून."

पुढच्या वर्षी. ती पुढच्या वर्षी तिथेच असणार होती, हे तिने मनात धरलेलंच होतं. एका वेलासाठी.

मी हात लावला. खरं लिहायचं तर मला त्या वेळी भीती वाटली नाही. वेल उन्हात धरलेल्या काचेसारखा हिरवा होता आणि मी त्याचं पान दोन बोटांत धरून मनात म्हणाले, वाळायचा असेल तर वाळू दे. मग इथे पोरीचं काय राहिलं?

पोर माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं मला वेल आवडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठून कापड धुतलं आणि गोठ्यामागच्या काटेरी कुंपणावर, लाकडांच्या ढिगाआड टाकलं. आत येऊन चूलही मीच पेटवली. पाहुणी असून काम करते, हे सासूला दिसावं अशी इच्छा होती. बहीण अंगणात सडा टाकत होती. एवढ्यात सासू गोठ्याकडून आली. तिच्या हातात काठी होती आणि काठीच्या टोकाला माझं कापड.

"हे कुनाचं?"

मी चुलीसमोर बसले होते. मेव्हणे ओसरीवर दात घासत होते, ते तोंड फिरवून अंगणाबाहेर गेले.

बहिणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. लहानपणापासून मी चोरी केली की माझे कान लाल होतात, ते तिला ठाऊक आहे.

"माझं," ती म्हणाली. "पहाटेच झाले."

सासूचा चेहरा पडला. रागाने नव्हे, दुसऱ्याच कशाने. काठी तशीच धरून ती म्हणाली, "आगं पन या बारीला आठ दिस वर गेलं हुतं की." आणि मग एकदम, "चुलीला शिवलीस का?"

"नाही. चूल आक्कानं पेटवलीया."

"बरं झालं. मग देवानं लाज राखली."

बहिणीने सड्याची बादली तिथेच ठेवली आणि ती गोठ्याच्या पडवीत जाऊन पोत्यावर बसली. पोर डोळे चोळत बाहेर आली आणि सवयीने तिच्याकडे धावली. सासूने ओरडून तिला अडवलं. "लांब! मावशीला शिवू नगं." पोर जागच्या जागी थांबली, तोंड एवढंसं करून.

मी बोलायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी चुलीत लाकूड सारलं.

दुपारी ताटली घेऊन मी पडवीत गेले. वरून भाकरी टाकायची पद्धत, तशी मी टाकली, मीच विटाळशी असून. ती हसली.

"आक्का, खाली ठेव गं. आपल्यातुपल्यात कसलं सोंग."

मी विचारलं, "आठ दिवस वर गेलं होतं?"

"गेलं होतं. माझं नेहमीच जातं असं. आठ-दहा दिवस वर गेलं की आत्याबाई देवाला नारळ बोलतात. मग मी इथे येऊन बसते, नि त्या नारळाचं भाजीत वाटण लावून टाकतात." सासूला ती आत्याबाई म्हणायची. तिने भाकरी मोडली. "तुला एक सांगू? तुझ्या चाळीचा मला हेवा वाटतो. तुझं तुझ्यापाशी राहतं. इथे दर महिन्याला मी पोत्यावर बसले की साऱ्या आळीला कळतं, हिचं ह्याही खेपेला नाही."

तिला माझा हेवा वाटतो हे ऐकूनही माझं पोट थंड झालं नाही. उलट वाटलं, हेवासुद्धा हिला सरळ बोलून दाखवता येतो.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मळ्यात गेलतीस?"

"पोरीनं नेलं."

"हात लावलास?"

मी मान हलवली. तिने मळ्याच्या दिशेने पाहिलं. "त्यांना सांगू नकोस," एवढंच म्हणाली. "त्यांचा जीव आहे त्यात." आणि मग, "मला पोर मागायचीच नव्हती, आक्का. आत्याबाईंनी काढलं, ह्यांनी उचललं. मी नाही म्हणाले नाही, एवढंच माझं चुकलं. घेऊन जा तिला."

ते चार दिवस पोर माझी झाली. मी तिला विहिरीच्या पाण्याने आंघोळ घातली, वेणी घातली. ती सैल झाली आणि दुपारपर्यंत सुटली. रात्री ती माझ्याजवळ झोपली, कारण दुसरं कुणी नव्हतं. दिवसा ती पडवीपासून हातभर लांब उकिडवी बसायची आणि मावशीला विचारायची, "आजून किती दिस?" मावशी तिला तिथूनच कोडी घालायची. दोघी हसायच्या. मध्ये हातभर जमीन होती ती माझी होती. तेवढीच जागा त्या घरात मला मिळाली.

निघायच्या दिवशी सासूने माझी ओटी भरली. मेव्हण्यांनी एक कवळी पानं बांधून दिली. तिथे पानांच्या मोठ्या जुडीला कवळी म्हणतात. पोर फ्रॉक घालून तयार झाली. ती रडली नाही, हट्ट केला नाही. आई न्यायला आली की मूल येतं, हे माझं म्हणणं खरंच ठरलं. पण ती अंगणाच्या कडेला थांबली. बहीण पडवीतून उठून उभी राहिली होती. तिचे चार दिवस संपायला अजून एक रात्र होती, आणि सासू ओसरीवरच बसलेली. दोघींना एकमेकींना शिवता येईना.

"मावशी, वेलाला पाणी दे."

"देते."

"पात घट्ट बांधू नगं. काचते."

"नाही बांधत. जा, एसटी चुकेल."

बहिणीचे हात पदराखाली होते. मी 'अगं, हे माझं आहे, घे तिला जवळ' असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? सासूने चार शिव्या दिल्या असत्या. मळ्यावर गोमूत्र शिंपडलं असतं. मी पुन्हा त्या घरी गेले नसते. एवढंच. मी पोरीचा हात धरला आणि चालायला लागले. एसटीत बसल्यावर पोर खिडकीतून बघत राहिली. मी तिला विचारलं, "मुंबईला जायचं ना?" ती म्हणाली, "हूं." गाडी हलल्यावर म्हणाली, "जाताना मावशीनं मला हात न्हाई लावला."

मी म्हणाले, "तिला शिवायचं नव्हतं ना." दुसऱ्यांदा खोटं बोलले.

चाळीत परत आल्यावर ती खाटेखाली गेली नाही. शाळेत जाऊ लागली. तिची भाषा महिन्याभरात बदलली. नळावरच्या बायका म्हणायच्या, पोर गावाला जाऊन सुधारली हां. मी म्हणायचे, हो. मोर्चे चालूच होते. तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन गॅलरीतून मोर्चा दाखवायचा आणि आता तीही ओरडायची.

मी मात्र पत्राची वाट बघत होते. बहिणीला लिहिता येतं, पण पत्र लिहायचे मेव्हणेच. प्रत्येक पत्र मी आधी मळ्यापुरतं वाचायचे. मळ्यात मर लागली, पानं करपली, कोपऱ्यातला वेल गेला, असं कुठे आहे का ते बघायचे. भीतीने बघायचे असं नवऱ्याला वाटलं असतं. भीती होतीच. पण तिच्याखाली दुसरं होतं. मेव्हणे लिहायचे, मळा उत्तम आहे. पान यंदा रुंद आहे. पोरीचा वेल आता शेवरीच्या निम्म्यावर गेला. पुढच्या पत्रात, आता हात पुरत नाही, तिच्या मावशीला शिडी लागते.

असं वर्ष गेलं. माझा विटाळसुद्धा तिच्या मळ्याला लागला नाही. माझं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. माझा शापही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावचा एक गिरणी कामगार सुट्टीवरून परत आला आणि एक पुडकं देऊन गेला. केळीच्या पानात बांधलेली विड्याची पानं. वरच्या पानावर चुना लावून रेघ ओढली होती, म्हणजे ही पोरीच्या वेलाची. सोबत चिठ्ठी होती, आणि यावेळी ती बहिणीच्या हातची, मोडक्या अक्षरांत. "वेल परवा उतरवून पुरला. आता नवा फुटेल. सुट्टीत तिला पाठवशील का? नाही म्हणालीस तरी चालेल."

पोर त्या पुडक्यापाशी बसून राहिली. सगळ्या मजल्यावर तिने पानं वाटली, 'माझ्या वेलाची, माझ्या वेलाची' करत. शेवटी एक पान माझ्या तोंडाशी आणलं. मी वर्षभर त्यांच्याकडचं पान खाल्लं नव्हतं, येतानाची ती कवळीही मी शेजारणींना देऊन टाकली होती. आता तिने धरलं म्हणून खाल्लं. पान तिखट नव्हतं, कोवळं होतं, जिभेवर गोड झालं. चांगलं होतं. ते चांगलं होतं हेच मला सोसत नव्हतं.

मी चार-पाच दिवस काहीच केलं नाही. मग एका दुपारी कार्ड घेऊन बसले. तिच्या सासूबाईंना नमस्कार लिहिला, इकडचं सगळं बरं आहे लिहिलं. बाकीचं होतं ते कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं, पोस्टमन वाचतो. त्या दिवशीचं कापड, ती काठी, अंगणातले तिचे पदराखालचे हात. शेवटी एवढंच लिहिलं, की पोरीला शनिवारी पाठवते, तिचा बाप पोचवायला येईल, आणि ती आली की आधी तिला जवळ घे.

पोर माझ्या खांद्यावरून वाचत होती. पहिली झाली होती, एकेक अक्षर लावून तिने 'पाठवते' वाचलं. मग तिने जागच्या जागी उडी मारली, इतकी की खालच्या बिऱ्हाडाने छताला झाडूचा दांडा ठोकला.

मी तिला आणायला गेले होते त्या दिवशी तिने अशी उडी मारली नव्हती.